मोठ्या अभियांत्रिकी कंपनीचा जबाबदारी अहवाल कसा वाचावा

जगभर कारखाने आणि प्रकल्प असलेली अभियांत्रिकी कंपनी वित्तीय अहवालाच्या जोडीने सामाजिक व पर्यावरणीय जबाबदारीचा अहवालही दरवर्षी काढते. तिथे नोकरीला जाऊ पाहणारा अभियंता, तिला सुटे भाग पुरवणारा उद्योजक किंवा तिचे समभाग घेऊ पाहणारा गुंतवणूकदार यांनी हा जाडजूड दस्तऐवज पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नये. सुरुवातीची पाने बहुधा अध्यक्षांच्या निवेदनात आणि झाडे लावणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या छायाचित्रांत जातात. कामाचा मजकूर शेवटच्या तक्त्यांत आणि तळटिपांत असतो.

आधी अहवालाची हद्द, म्हणजे कोणकोणते कारखाने हिशेबात धरले आहेत ते शोधावे. ‘ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल’ ही हरितगृह वायूंचे उत्सर्जन मोजण्याची आंतरराष्ट्रीय नियमावली कंपनीला मोजणीची पद्धत निवडू देते. भांडवली हिश्शाची पद्धत घेतली, तर निम्म्या मालकीच्या कारखान्याचे निम्मे उत्सर्जन कंपनीच्या नावावर चढते. कामकाजावरील नियंत्रणाची पद्धत घेतली आणि तो कारखाना भागीदार चालवत असला, तर तेच उत्सर्जन स्वतःच्या खात्यातून बाहेर जाते. दोन कंपन्यांची तुलना करताना ही एक तळटीप वाचली नाही, तर पुढची सगळी तुलना व्यर्थ ठरते.

उत्सर्जनाचे आकडे तीन भागांत असतात. कंपनीच्या भट्ट्या, बॉयलर आणि वाहने ‘स्कोप १’मध्ये, विकत घेतलेली वीज आणि वाफ ‘स्कोप २’मध्ये, आणि पोलाद व ओतीव भाग बनवणाऱ्या पुरवठादारांपासून विकलेल्या यंत्राच्या वापरापर्यंतचे बाकी सारे ‘स्कोप ३’मध्ये धरतात. या तिसऱ्या भागाचे १५ प्रकार आहेत आणि त्यांपैकी अकरावा, ‘विकलेल्या उत्पादनांचा वापर’, अभियांत्रिकी कंपनीच्या बाबतीत सर्वांत आधी पाहावा. त्याचे कारण एका मोटरच्या हिशेबातून कळते. १०० किलोवॉट शक्ती देणारी मोटर पूर्ण भाराने वर्षाला ६,००० तास चालते असे धरू. तिची कार्यक्षमता ९३ टक्के असेल तर ती सुमारे ६ लाख ४५ हजार युनिट वीज घेते. ९५ टक्के असेल तर सुमारे ६ लाख ३१ हजार ५०० युनिट. म्हणजे एका मोटरमागे वर्षाला साडेतेरा हजार युनिटांचा फरक पडतो, आणि अशी मोटर दीड-दोन दशके चालू शकते. ज्या अहवालात कारखान्याच्या छपरावरील सौर पॅनेलचे पानभर कौतुक आहे, पण अकराव्या प्रकारापुढे ‘लागू नाही’ असे लिहिले आहे, तो अहवाल मोटर, पंप किंवा टर्बाइन विकणाऱ्या कंपनीचा असेल तर त्याचे कारण विचारलेच पाहिजे.

सुरक्षिततेच्या तक्त्यात भागाकाराखालची संख्या पाहावी. वर्षभरात ५० लाख तास काम झाले आणि कामाचा दिवस बुडवणारे १० अपघात घडले, तर दर १० लाख तासांमागे प्रमाण २ येते. अमेरिकेत रूढ असलेल्या २ लाख तासांच्या हिशेबाने (१०० कामगार, आठवड्याला ४० तास, ५० आठवडे) तेच ०.४ दिसते. दोन्ही रीती मान्य आहेत, पण शेजारी ठेवून वाचणारा फसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या तासांत आणि अपघातांत कंत्राटी कामगार धरले आहेत का हे तपासावे, कारण क्रेन उभारणी, परांची बांधणे, उंचावरील रंगकाम अशी जोखमीची कामे प्रकल्पस्थळी बऱ्याचदा त्यांच्याच वाट्याला येतात. मृत्यूंची संख्या वेगळी दिली नसेल, तर नुसत्या दरावर समाधान मानू नये.

लाचखोरीचा भाग अनेकजण चाळून सोडतात, आणि ती चूक असते. वीजनिर्मिती, रेल्वे, दूरसंचार यांची मोठी कामे सरकारी निविदांतून मिळतात आणि मधे एजंट व ‘सल्लागार’ असतात. डिसेंबर २००८ मध्ये सीमेन्स या जर्मन अभियांत्रिकी कंपनीने लाचखोरीच्या अशाच प्रकरणांत अमेरिका आणि जर्मनीतील यंत्रणांशी एकूण सुमारे १.६ अब्ज डॉलर भरण्याची तडजोड केली. म्हणून आचारसंहिता आहे एवढ्यावर न थांबता किती तक्रारी आल्या, किती चौकशीत खऱ्या ठरल्या आणि किती जणांवर कारवाई झाली हे आकडे शोधावेत. लाखभर कर्मचाऱ्यांच्या कंपनीने ‘शून्य तक्रारी’ लिहिल्या असतील, तर तक्रार करण्याचा मार्गच लोकांना ठाऊक नसावा अशी शंका मला येते.

पुरवठादारांबाबत, तपासणी थेट माल देणाऱ्यापाशी थांबते की कथिल, टंगस्टन अशा धातूंच्या खाणीपर्यंत जाते एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

त्यानंतर अहवालातील आकड्यांची हमी देणारे लेखापरीक्षकाचे पत्र उघडावे. ‘मर्यादित’ हमीचा निष्कर्ष ‘चुकीचे काही आमच्या नजरेस आले नाही’ अशा नकारार्थी भाषेत असतो, ‘वाजवी’ हमीसाठी तपासणी बरीच खोल करावी लागते; शिवाय हमी सगळ्या अहवालाला आहे की मोजक्या आकड्यांना, तेही पत्रातच लिहिलेले असते. आयएसओ २६००० या सामाजिक जबाबदारीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र मिळाल्याचा दावा दिसला तर सावध व्हावे, कारण ते केवळ मार्गदर्शक मानक आहे आणि त्याचे प्रमाणपत्र नसतेच.

शेवटी मागील चार-पाच वर्षांचे अहवाल शेजारी उघडून प्रत्येक उद्दिष्टाचा माग काढावा. एखादे उद्दिष्ट मधेच गायब झाले असेल किंवा त्याचे आधारवर्ष (ज्या वर्षाशी तुलना करतात ते) बदलले असेल, तर पानांचे क्रमांक देऊन अहवालातील संपर्काच्या पत्त्यावर लेखी विचारणा करावी.