भाताला बायोचार घालताय? आधी या चुका टाळा

बायोचार (इथे भाताचं तूस पूर्ण न जाळता केलेला कोळसा) घातला आणि भात पिवळा पडला, असं झालं की खापर बायोचारवर फुटतं. बहुतेक वेळा तो नुसता, कोरडा घातलेला असतो. तुसाचा कोळसा हे खत नव्हे. पिकाला लागू पडेल असं नत्र त्यात जवळजवळ नसतं, मात्र त्याच्या बारीक छिद्रांत अन्नद्रव्यं धरून राहतात. रिकामा कोळसा खाचरात गेला की आधी जमिनीतलंच नत्र अडकवतो आणि फुटवा मागे राहतो. म्हणून तो कुजलेलं शेणखत किंवा गोबरगॅसच्या स्लरीत कालवून, ओलसर ठेवून, दोन-तीन आठवडे सावलीत मुरवा. घाई करायची असेल तर बायोचार न घातलेलाच बरा.

दुसरी चूक कोळसा करतानाच होते. तूस पांढरंफटक होईपर्यंत जळू दिलं तर हाती राख येते आणि कार्बन धुरावाटे निघून जातो. ढीग सगळीकडून काळा झाला की लगेच भरपूर पाणी मारा आणि पसरून ठेवा. आतला निखारा रात्रीतून पुन्हा पेट घेतो. गिरणीच्या बॉयलरमधली करडी राख बायोचार म्हणून घेऊ नका.

कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीत हा कोळसा सामू (pH) थोडा वर आणतो, तिथे त्याचा खरा उपयोग. चोपण (सोडियम जास्त असलेल्या, निचरा न होणाऱ्या) जमिनीत, जिथे सामू आधीच 8 च्या वर आहे, तिथे मला तो घालावासा वाटत नाही. माती तपासून मगच ठरवा.

साचलेल्या पाण्यात कोरडा बायोचार फेकला तर तो तरंगतो आणि पहिल्या मोठ्या सरीत बांधाबाहेर जातो. चिखलणीआधी, ओला करून, वरच्या 10 ते 15 सेंटिमीटर मातीत मिसळा.

मात्रेचा हिशोबही करा. हेक्टरी 5 टन म्हणजे गुंठ्याला 50 किलो, आणि त्यासाठी दीडेकशे किलो तूस लागतं. भाताच्या वजनात तूस पाचवा हिस्सा असतं, त्यामुळे घरच्या तुसावर सगळी शेती एका वर्षात होत नाही. सुरुवात रोपवाटिकेपासून करा. चारसूत्री या भातलागवडीच्या पद्धतीत गादीवाफ्यावर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळायला सांगतात ती याच जातीची. तिच्यातल्या सिलिकामुळे रोपं कणखर होतात.

तरीही पिवळेपणा आलाच तर पानं पाहा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी पडलंय. युरिया-डीएपी ब्रिकेट (या खतांच्या दाबून केलेल्या गोळ्या) चुडांच्या, म्हणजे लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या, मध्ये खोल खोचा. वर फेकलेला युरिया राखाळ मातीवर अमोनिया होऊन उडतो. वाफ्यावरच्या रोपांची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर राख जास्त होऊन लोह मिळेनासं झालंय. तिथे 0.5 टक्के फेरस सल्फेट फवारा आणि पुढच्या वाफ्याला मात्रा निम्मी ठेवा.