डिझाइन शिकताय? आधी सॉफ्टवेअरचे प्रकार ओळखा

नवीन शिकणारे मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात : फोटोशॉप शिकू की इलस्ट्रेटर? मी उलट विचारते, काम शेवटी कुठे दिसणार आहे? मोबाइलच्या स्क्रीनवर, पुस्तकाच्या पानावर की दहा फुटी फलकावर? हे ठरलं की सॉफ्टवेअर निवडणं सोपं जातं.

मुख्य भेद रास्टर आणि व्हेक्टरचा. रास्टर चित्र पिक्सेलचं, म्हणजे रंगाच्या बारीक चौकोनी ठिपक्यांचं बनतं. ए-फोर कागदावर ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) छापायचं तर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. हजार पिक्सेल रुंदीचा लोगो दहा फुटांपर्यंत ताणला, तर इंचाला जेमतेम आठ पिक्सेल उरतात आणि कडा पायऱ्यांसारख्या दिसू लागतात. व्हेक्टरमध्ये पिक्सेल नसतातच, आकाराचं गणित साठवलेलं असतं. व्हेक्टर चित्राची एखादी एसव्हीजी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघाच. वर्तुळासाठी केंद्राचे दोन आकडे, त्रिज्या आणि रंग, एवढंच लिहिलेलं सापडतं. म्हणून ते कितीही मोठं केलं तरी फाटत नाही.

त्यामुळे फोटोवरचं काम फोटोशॉप किंवा गिंपमध्ये. लोगो, आयकॉन, नकाशे इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ किंवा इंकस्केपमध्ये. व्हेक्टरमध्ये सगळी मदार पेन टूलवर, म्हणजे बिंदू जोडत रेषा काढायच्या साधनावर असते. त्यातल्या बेझिए वक्ररेषा पिएर बेझिए या अभियंत्याने रेनोच्या गाड्यांच्या आकारांसाठी वापरात आणल्या. बिंदूच्या दोन बाजूंच्या दांड्या ओढल्या की वळण बदलतं. बिंदू जितके कमी, तितकी रेषा गुळगुळीत. फोटोवर ऑटो ट्रेस (फोटोतून आपोआप व्हेक्टर रेषा काढणारी सोय) चालवून शेकड्यांनी बिंदू असलेली फाइल लोगो म्हणून देणाऱ्यांना मी काम परत करते, कारण अशी फाइल पुढे कुणालाच धड दुरुस्त करता येत नाही.

चित्रकारांसाठी क्रिता, प्रोक्रिएट, क्लिप स्टुडिओ पेंट. हीसुद्धा मुख्यतः रास्टरच, पण यांचा जीव ब्रशमध्ये असतो : पेनचा दाब वाढला की रेषा जाड होते किंवा रंग गडद होतो. प्रोक्रिएट आयपॅडवर चालतं, संगणकावर नाही, हे आधीच लक्षात घ्या. इथे चित्र सुरू करण्यापूर्वीच कॅनव्हासचा आकार ठरवावा लागतो.

पानं लावण्यासाठी इनडिझाइन, स्क्रायबस. या प्रकाराकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात आणि अख्खी पुस्तिका फोटोशॉपमध्ये लावत बसतात. इनडिझाइनमध्ये शीर्षकाची पॅराग्राफ स्टाइल एकदा बदलली की दोनशे पानांवरची शीर्षकं आपोआप बदलतात. तेच हाताने करायचं तर दिवस जातो. ॲप आणि वेबसाइटच्या स्क्रीनसाठी फिग्मा. ते ब्राउझरमध्ये चालतं आणि एकाच फाइलवर अनेकांना एकाच वेळी काम करता येतं. कॅनव्हा तयार साच्यांवर झटपट पोस्ट करायला छान, पण रेषेवर हात बसवायला उपयोगाचं नाही.

या भिंती अर्थात पक्क्या नाहीत. फोटोशॉपमध्येही व्हेक्टर आकार काढता येतात, क्रितामध्येही व्हेक्टर लेयर असतो. पण प्रत्येकाचा मूळ स्वभाव वेगळा. पुस्तकाचं मुखपृष्ठ घ्या. चित्र क्रितामध्ये रंगवायचं, नावाची अक्षरं इंकस्केपमध्ये घडवायची, मग पुढचं पान, मागचं पान आणि कणा स्क्रायबसमध्ये जुळवायचा. मला विचाराल तर पहिला सराव हाच करा, कारण एकाच कामात तिन्ही प्रकार हाताखालून जातात.

ही तिन्ही सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहेत. फक्त छपाईसाठी रंग सीएमवायके (छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईचे) लागतात आणि इंकस्केप मुळात आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगांमध्ये काम करतं. तेव्हा अक्षरांचे अंतिम रंग स्क्रायबसमध्येच द्या आणि छापखान्यात पाठवायची पीडीएफही तिथूनच काढा.