मँगात युकी-ओन्ना काढताना या चुका टाळा

युकी-ओन्ना ही जपानी लोककथांमधली हिमस्त्री. मँगात, म्हणजे जपानी चित्रकथांत, ती बहुतेक वेळा चार-पाच पानांची पाहुणी असते. वादळी रात्री येते, कुणाचा जीव घेते किंवा सोडून देते, आणि निघून जाते. नायिकेचा स्वभाव उलगडायला लेखकाकडे शेकडो पानं असतात, हिच्यासाठी तेवढी सवड नसते. ती कोण आहे हे पहिल्याच चौकटीत कळायला हवं, आणि नवे चित्रकार नेमके तिथेच अडतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो पांढऱ्या रंगाचा. किमोनो पांढरा, चेहरा पांढरा, मागे बर्फ, आणि कागदही पांढराच. बाई दिसेना म्हणून बाह्यरेषा जाड केली जाते, मग किमोनोवर टोन (छटेसाठी वापरायचा बारीक ठिपक्यांचा थर) चढतो, आणि हिमस्त्री राखाडी होऊन बसते. तिला हात लावू नका, भोवताल काळा करा. आकाश शाईने भरा, बर्फाला हलका टोन द्या आणि तिच्या अंगाच्या जागी कोरा कागद तसाच राहू द्या. लेखक लाफ्काडिओ हर्न यांच्या १९०४ सालच्या ‘क्वैदान’ या जपानी भूतकथांच्या पुस्तकातला प्रसंग डोळ्यांसमोर आणा. नदीकाठच्या झोपडीत ती झोपलेल्या म्हाताऱ्या लाकूडतोड्यावर वाकून फुंकर घालते, आणि तिचा श्वास चकाकत्या पांढऱ्या धुरासारखा दिसतो. हे चित्र काढायचं तर झोपडी आतून मिट्ट काळीच हवी. काळ्यावर पांढरी शाई कोरड्या ब्रशने ओढली की श्वास दिसतो. पांढऱ्या भिंतीवर तो कितीही कौशल्याने काढला तरी वाया जातो.

केस एकेक रेषेने विंचरत बसू नका. व्यावसायिक मँगाचं मूळ पान बी-४ कागदावर, साधारण १८० बाय २७० मिलिमीटरच्या चौकटीत काढतात. छापताना ते लहान होतं आणि जवळजवळच्या बारीक रेषा एकमेकींना चिकटतात. त्यापेक्षा केस काळे भरून चमकेचा एकच पट्टा कोरा सोडावा. जपानी चित्रकार याला त्सुया-बेता म्हणतात. दूरच्या चौकटीत ती बोटाच्या पेराएवढी दिसते तेव्हाही हा काळा आकार तिला ओळखू आणतो.

आता किमोनोचा गळा. ही चूक जपानी वाचकाला लगेच खटकते. जिवंत माणसाच्या किमोनोची डावी बाजू उजवीवर येते, म्हणजे समोरून पाहताना वरची कड आपल्या उजवीकडून डावीकडे उतरते. उजवी बाजू वर आली तर ते प्रेताचं वस्त्र. काही कथांत युकी-ओन्ना म्हणजे बर्फात मेलेल्या बाईचा आत्मा, तर काहींत ती कधी माणूस नव्हतीच. तुमची कोणती, हे आधी ठरवा आणि गळा त्याप्रमाणे काढा. दोन्ही चालतं, पण दर चौकटीत बदललेलं चालत नाही. चुका शोधायला स्क्रीनवर चित्र आरशासारखं उलटवलं असेल, तर ते सरळ केल्याशिवाय गळ्याला हात लावू नका. जपानी क्रमाने रचलेली पानं मराठी वाचकांसाठी डावीकडून उजवीकडे करायची म्हणून सरसकट उलटवली, तर गावातली सगळी जिवंत माणसं प्रेतासारखी नेसलेली दिसतील. चौकटींची मांडणीच नव्याने करावी.

आपल्याकडची सवय म्हणून हडळीसारखे उलटे पाय हिला देऊ नयेत, ती खूण आपल्या भुतांची. हिच्या किमोनोची खालची कड बर्फात विरत जाऊ द्या. जपानी चित्रकार तोरियामा सेकिएनच्या १७७६ मधल्या ‘गाझु ह्याक्की याग्यो’ या चित्रसंग्रहात युकी-ओन्ना आहे. काढायला बसण्याआधी ते चित्र जरूर पाहा.

सगळं जमलं तरी ती भीतीदायक वाटत नसेल, तर डोळे तपासा. नायिकेसाठी वापरतो तेच चमकदार ठिपके हिच्याही बुबुळात पडलेले असतात. ते पुसून टाका, बुबुळ सपाट ठेवा. मला तर एवढ्या एका बदलाने चेहरा सर्वांत जास्त बदलतो असं वाटतं. दागिने, बर्फाचे स्फटिक, नक्षीदार ओबी (किमोनोचा कमरपट्टा) यांतलं काहीच मग लागत नाही.

मोबाइलवर टोनमध्ये नको ते पट्टे दिसतात, तेव्हा कारण बहुतेक वेळा ठिपक्यांचा टोन लावल्यावर चित्र लहान केलेलं असतं. वेबसाठी साधा राखाडी रंग ठेवा, ठिपके फक्त छपाईच्या प्रतीत आणा.

शेवटचं तिच्या बोलण्याबद्दल. जपानी मजकूर उभा असतो, म्हणून तिथले संवादाचे फुगे उंच आणि अरुंद असतात. तसाच फुगा काढून त्यात मराठी कोंबली की ‘कुणाला सांगितलंस तर’ हे चार ओळींत तुटतं आणि धमकीचा सगळा जोर जातो. आधी अक्षरं लिहा, वेलांट्या-उकारांना वर-खाली जागा सोडा, मग त्याभोवती आडवा फुगा काढा. त्याची कड थोडी थरथरती ठेवा.