ओव्हरड्राइव्हवाली जुनी स्टुडबेकर रस्त्यावर काढण्याआधी

1950 च्या आसपासची अमेरिकन गाडी, स्टुडबेकर चॅम्पियन म्हणा, तीन गियरचा दांडा स्टिअरिंगला आणि गिअरबॉक्सच्या मागे बोर्ग-वॉर्नर कंपनीचा ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गियर), अशी पहिल्यांदा चालवणार असाल तर आधी डॅशखालचं ते ओढायचं हँडल समजून घ्या. आत ढकललेलं म्हणजे ओव्हरड्राइव्ह तयार, बाहेर ओढलेलं म्हणजे लॉक, मग ती साधी तीन गियरची गाडी.

तेल आधी. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हचे प्लग वेगळे असतात, दोन्ही उघडून बघा, एकीकडे लेव्हल बरोबर म्हणून दुसरीकडेही असेल असं धरू नका. आणि दुकानदार म्हणेल तसं जीएल-5 ग्रेडचं गियर ऑइल टाकू नका, जुन्या पितळी सिंक्रो रिंगांना (गियर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) ते मानवत नाही, मॅन्युअलमधला ग्रेड शोधा. खाली वाकलाच आहात तर कोणाला तरी हँडल ओढा-ढकलायला सांगून केबल ओव्हरड्राइव्हवरचा लिव्हर पूर्ण शेवटापर्यंत नेते का तेही बघा, अर्धवट अडकलेला लिव्हर आतले दात खातो.

मग वायरिंग. 1955 पर्यंतच्या स्टुडबेकर 6 व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चॅसिसला, सवयीने बॅटरी उलटी जोडू नका. चाकांना उटी (पाचर), गाडी न्यूट्रलमध्ये, इग्निशन ऑन, हँडल आत, आणि गव्हर्नरची (गाडीच्या वेगावर चालणाऱ्या स्विचची) वायर काढून चॅसिसला टेकवा: सोलेनॉइडमधून (ओव्हरड्राइव्ह लावणाऱ्या विद्युतचुंबकातून) खणखणीत कट् असा आवाज आला पाहिजे, वायर उचलली की परत एक. आवाज नाही आला तर फ्यूज, रिले, अर्थ या क्रमाने बघत जा, गिअरबॉक्स लगेच खोलायला घेऊ नका प्लीज.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फ्रीव्हील. हँडल आत असताना आणि ओव्हरड्राइव्ह लागलेला नसताना ॲक्सिलरेटर सोडलात की गाडी सायकलसारखी मोकळी पळते, इंजिन तिला अजिबात धरत नाही. उतारावर सगळा भार जुन्या ड्रम ब्रेकांवर येतो, म्हणून डोंगराचा रस्ता असेल तर घाटमाथ्यावर गाडी थांबवून हँडल बाहेर ओढून घ्यायचं आणि मगच उतरायचं, उतरता उतरता ओढायचं नाही, मोकळी पळत असताना तर मुळीच नाही. धक्का मारून चालू करायचीय? तेव्हाही हँडल बाहेर, नाहीतर चाकं फिरतील आणि इंजिन ढिम्म.

सपाट रस्त्यावर मात्र मजा आहे. ताशी 30 मैलांच्या वर गेलात की पाय एक-दोन सेकंद उचला, हलकीशी टिक होते, म्हणजे ओव्हरड्राइव्ह लागला, परत दाबा, क्लचला हात, सॉरी पाय, लावायचा नाही. 3000 आरपीएमवर फिरणारं इंजिन तेवढ्याच स्पीडला साधारण 2100 वर येतं. ओव्हरटेक करायचं तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबा, पेडलखालचा स्विच क्षणभर इग्निशन तोडतो, दातावरचा ताण सुटतो आणि ओव्हरड्राइव्ह सुटून गाडी डायरेक्टमध्ये, म्हणजे साध्या गियरमध्ये येते. ही किकडाउन रिकाम्या रस्त्यावर आधी करून बघा, ट्रकच्या शेजारी पहिल्यांदा नको.

पार्क करताना हँडल बाहेर, गाडी गियरमध्ये, हँडब्रेक पूर्ण, आणि चढ-उतार असेल तर चाकाला उटी.