पातोळे करू या, आजी-आजोबांच्या हातानं

पातोळे म्हणजे हळदीच्या पानात तांदळाचं पीठ आणि गूळ-खोबऱ्याचं सारण घालून वाफवलेलं गोड. श्रावण लागला की कोकणात परसातली हळद चांगली वर येते आणि नागपंचमीला घरोघरी तिच्या पानांचा वास सुटतो. पुढे गौरी-गणपतीतही पातोळे होतात. गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांत ते १५ ऑगस्टच्या सायबिणीच्या (मेरी मातेच्या) फेस्ताला म्हणजे सणाला करतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन करायला याहून सोयीचं गोड मला माहीत नाही. बरंचसं काम बसून होतं, तळण नाही, पाकाची धास्ती नाही आणि झालेला पदार्थ मऊ असतो. शिवाय हिरव्या पानावर पांढरं पीठ उठून दिसतं, त्यामुळे नजर अधू झालेल्यांनाही कुठवर पसरलं ते कळतं. स्टीलच्या ताटात हेच अवघड जातं.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून टाका. ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ हे वाक्य त्या दिवशी बंद. नुसतं काहीतरी निवडायला देऊन कोपऱ्यात बसवणं म्हणजेही तेच. हातातली ताकद गेली तरी अंदाज जात नाही. म्हणून गूळ किती, पीठ कितपत सैल, सारण कधी उतरवायचं, हे निर्णय त्यांचे. उचलणं, ओतणं, गॅसजवळ उभं राहणं तुमचं.

बैठक

पाटावर बसायची सवय जन्माची असली तरी उठताना गुडघे साथ देत नाहीत. पाठीला टेक असलेली खुर्ची आणि कोपराच्या उंचीचं टेबल घ्या. खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या. परातीखाली ओलं फडकं घातलं की ती सरकत नाही. वेळ सकाळची, न्याहारी आणि औषधं झाल्यावरची. तास-दीड तास लागतो आणि मध्ये थांबलं तरी काही बिघडत नाही.

साहित्य

दहा-बारा पातोळ्यांसाठी तेवढीच हळदीची पानं, २ वाट्या तांदळाचं पीठ, २ वाट्या ओलं खोबरं, १ वाटी चिरलेला गूळ, वेलची, जायफळ, चवीपुरतं मीठ आणि चमचाभर तूप. गूळ वाटीवर अडून बसू नका. ‘वायच गूळ घाल गो’ असं आजी म्हणाली तर घाला.

सारण, म्हणजे चून

विळीच्या खवणीवर नारळ खवण्यात हयात गेलेली माणसं ते काम मागतील. हात थरथरत नसेल तर जरूर द्या. थरथरत असेल तर खवणं तुमच्याकडे, आणि त्यांच्यापुढे खवलेल्या खोबऱ्याचं ताट; करवंटीलगतची काळी पाठ आली असेल तर त्या बोटांना ती लगेच सापडते. खलबत्त्यात वेलची कुटणं आजोबांना द्यायला हरकत नाही.

खोबरं आणि गूळ मंद आचेवर एकत्र करा. गूळ विरघळला, पाणी आटलं आणि सारण ओलसर असतानाच एकत्र येऊ लागलं की उतरवा. जास्त परतलं तर गार झाल्यावर कडक होतं आणि दातांना त्रास होतो. कढई टेबलाशी नेऊ नका. चमचाभर सारण बशीत काढून, निववून, चाखायला न्या आणि ‘झालं’ असं ऐकल्यावरच गॅस बंद करा. वेलची-जायफळ शेवटी.

पीठ आणि पानं

पिठात मीठ, तूप आणि थोडं थोडं पाणी घालत जा. घावनाच्या पिठापेक्षा दाट, उकडीपेक्षा सैल, बोटांनी पसरेल पण पानावरून ओघळणार नाही, एवढं हवं. दहा मिनिटं झाकून ठेवा आणि तेवढ्यात पानं धुऊन, पुसून, देठ काढून घ्या. लांब पानं मधून कापून दोन करता येतात.

आता खरं काम. पान आडवं ठेवून, बोटं पाण्यात बुडवून पीठ पातळ पसरायचं, कडेला बोटभर जागा सोडायची. अर्ध्या भागावर सारणाची लांब ओळ, मग पान मिटून कडा हलक्या दाबायच्या. ज्यांचा विसराळूपणा वाढला आहे त्यांना ‘आठवतं का, कसं करायचं?’ असं विचारू नका. शेजारी बसा, एक पान स्वतः भरा आणि दुसरं त्यांच्या पुढ्यात सरकवा. पुष्कळदा हात आपसूक चालू लागतात. थर जाडा-पातळ झाला तर तसाच राहू द्या; मागाहून नीट करत बसलात तर त्यांच्या लक्षात येतं.

उकडणं

मोदकपात्र नसेल तर टोपात पाणी उकळून वर चाळण ठेवा. पातोळे फार न दाटता लावा आणि १५ मिनिटं वाफवा. झाकण तुम्हीच काढा, आपल्यापासून दूरच्या बाजूने. जुन्या मधुमेहात बोटांची संवेदना कमी झालेली असू शकते, चटका बसल्याचं उशिरा कळतं. तेव्हा पातोळे चांगले निवल्यावरच पान सोलायला द्या. पीठ पानाला चिकटत असेल तर अजून थोडी वाफ हवी.

खाताना

वर साजूक तूप, किंवा गूळ घातलेला नारळाचा रस. मधुमेहींना गूळ चालतो हा समज सोडून द्या, गुळानेही साखर वाढते आणि तांदळानेही. एक लहान पातोळा द्या आणि त्या जेवणातला भात तेवढा कमी करा. गिळताना ठसका लागत असेल तर असलं चिकट खाणं देण्याआधी डॉक्टरांना विचारलेलंच बरं.

पानांचा हंगाम नसेल तेव्हा खांतोळी करा. वाटीभर तांदळाचा रवा तुपात भाजून, अडीच वाट्या उकळत्या पाण्यात वाटीभर गूळ आणि तेवढंच खोबरं घालून शिजवा, तूप लावलेल्या ताटात ओता. कोमट झाल्यावर वाटीच्या बुडाने थापणं आणि वड्या पाडणं थोरांकडे.

पातोळे त्याच दिवशी संपवा. कोकणातल्या दमट हवेत ओलं खोबरं टिकत नाही. उरलेच तर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पानासकट पुन्हा वाफवून घ्या. उरलेल्या पिठात पाणी घालून संध्याकाळी घावनं काढा.