दिवसाढवळ्या कोवळी चंद्रकोर टिपताय? या चुका टाळा

भर उन्हात सूर्याला खेटून असलेली कोर टेलिस्कोपने टिपायची म्हटलं की जो तो आधी एक्स्पोजर विचारतो. खरं सांगू का, एक्स्पोजर हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. बऱ्याचदा कोर फ्रेममध्ये आलेलीच नसते, नाहीतर आलेली असते आणि समोर असूनही दिसत नाही. सगळी मारामारी या दोनच गोष्टींची.

पण त्याआधी सूर्य. कोर सूर्यापासून 10 अंशांवर असेल आणि तुमच्या ट्यूबची (टेलिस्कोपच्या नळीची) फोकल लेन्थ (लेन्सपासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) 500 मिमी असेल, तर ऊन आत शिरलं की सूर्याची प्रतिमा मधल्या बिंदूपासून साधारण 9 सेंटीमीटर बाजूला पडते, म्हणजे थेट ट्यूबच्या आतल्या भिंतीवर किंवा फोकसरच्या प्लास्टिकवर, आणि तिथे काय होतं ते भिंगाने कागद जाळलेल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून लेन्सवर ऊन पडताच कामा नये. नेहमीचा ड्यू शील्ड (लेन्सवर दव पडू नये म्हणून पुढे लावतात ते नळकांडं) पुरतो असं समजणं ही फार कॉमन चूक आहे. हिशोब सोपा आहे, 80 मिमीच्या लेन्सला तेवढ्याच रुंदीचं नळकांडं लावलं तर सूर्य 20 अंशांवर असताना 22 सेंटीमीटर लांबी लागते, 10 अंशांना 45 आणि 5 अंशांना तब्बल 91. एवढं लांब नळकांडं वाऱ्यात डुलतं, त्यापेक्षा समोर काही अंतरावर भोक पाडलेला बोर्ड उभा केलेला बरा. आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावायचाच नाही, फक्त कॅमेरा. आणि फाइंडरला (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला) झाकण! मी एकदा विसरलो, मेन ट्यूबला सोलर फिल्म (ऊन अडवणारा फिल्टर) होती म्हणून निवांत सूर्यावर सिंक करत (टेलिस्कोप नेमका कुठे रोखलाय ते त्याच्या स्टँडला कळवत) बसलो आणि जळका वास आला तेव्हा कळलं की फाइंडरची क्रॉसहेअर गेली.

आता शोधाशोध. अंदाजाने माउंट (टेलिस्कोप फिरवणारा मोटारीचा स्टँड) हलवत बसलात तर दिवस जाईल. पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) आदल्या रात्री करून माउंट तसंच ठेवा, सकाळी फिल्म लावून सूर्यावर सिंक करा, मग चंद्राला गोटू द्या, म्हणजे माउंट आपोआप चंद्राकडे वळेल. पोचल्यावर लेन्स पूर्ण सावलीत आहे हे डोळ्याने बघा आणि मगच फिल्म काढा, वाटेत नाही, कारण माउंट कधीकधी सूर्यावरूनच वळसा घेतं. सॉफ्टवेअरमध्ये लोकेशन आणि वेळ चुकीची असेल तर मात्र सगळं मुसळ केरात. चंद्र जवळ असल्यामुळे पृथ्वीच्या केंद्रावरून आणि तुमच्या जागेवरून त्याच्या स्थानात जवळपास 1 अंशापर्यंत फरक पडतो, म्हणजे चंद्राच्या दुप्पट रुंदी. स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टोपोसेंट्रिक (तुमच्या जागेवरून दिसणारं स्थान देणारा) ऑप्शन चालू आहे ना ते बघा. फोकल लेन्थचा मोहही नको, 1000 मिमीला चंद्र सेन्सरवर 9 मिमीचा होतो आणि छोट्या प्लॅनेटरी कॅमेऱ्यात तो मावतच नाही.

फोकस कोरेवर करू म्हणालात तर झालंच, जी दिसत नाही तिच्यावर फोकस काय करणार? फिल्म असतानाच सूर्याच्या कडेवर किंवा डागावर करून घ्या, पण नंतर जो फिल्टर वापरणार तोच कॅमेऱ्यापुढे ठेवून, नाहीतर फोकस सरकतो. ट्यूब तापली की पुन्हा सरकतो, तेव्हा मधूनमधून चेक करा.

फिल्टर म्हणजे इन्फ्रारेड, त्याला पर्याय नाही. आकाशाचा निळा उजेड तरंगलांबी वाढली की झपाट्याने पडतो, 450 नॅनोमीटरच्या तुलनेत 850 ला हवेमुळे होणारं विखुरणं साधारण बारा-तेरा पट कमी. साध्या डीएसएलआरमध्ये इन्फ्रारेड अडवणारी काच आतच बसवलेली असते, म्हणून मोनो (कृष्णधवल) कॅमेरा बरा. आणि आकाशात पातळ पांढुरका पापुद्रा असेल तर सरळ सामान आवरा, तिथे फिल्टरही हात टेकतो.

स्क्रीनवर काहीच दिसत नाही म्हणून एक्स्पोजर वाढवू नका. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) 70 टक्क्यांच्या आसपास, शटर काही मिलिसेकंद, 12 बिट मोड. 8 बिटमध्ये (उजेडाच्या 256 पायऱ्यांत) आकाश 180 वर असेल आणि कोर त्याहून 1 टक्का उजळ असेल तर फरक उरतो जेमतेम 2 पायऱ्यांचा. मग खरा उपाय फ्लॅट, म्हणजे धुळीचे डाग आणि असमान उजेड काढून टाकायला घेतलेल्या कोऱ्या फ्रेम. ट्यूब चंद्रापासून 2-3 अंश बाजूला, पण सूर्याकडे नाही हां, नेऊन त्याच सेटिंगवर नुसत्या आकाशाचे फ्लॅट घ्या, शार्पकॅप किंवा फायरकॅप्चर या कॅमेरा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते लाइव्ह लावा आणि डिस्प्लेचा कॉन्ट्रास्ट ताणा. फ्लॅटशिवाय मी एकदा अर्धा तास एका सुंदर बाकदार रेघेचे व्हिडिओ घेत होतो, ती निघाली सेन्सरवरच्या धुळीच्या रिंगची कडा. तेव्हापासून आधी माउंट जरासं हलवून बघतो, कोर आकाशाबरोबर सरकते, धूळ जागची हलत नाही. शिवाय कोरेचा फुगीर भाग सूर्याकडेच असला पाहिजे.

कोर किती कोवळी हे तासांत मोजणंही फसवं आहे, अंशांत बघा. अमावस्येच्या नेमक्या क्षणीसुद्धा चंद्र सूर्यापासून 5 अंशांपर्यंत लांब असू शकतो. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ डांजोंने 1930 च्या दशकात साधारण 7 अंशांची मर्यादा सांगितली होती, त्याच्या आत कोर दिसत नाही म्हणून. पण फ्रेंच खगोल-छायाचित्रकार थिएरी लेगोने 8 जुलै 2013 ला फ्रान्समधून इन्फ्रारेडमध्ये ऐन अमावस्येच्या क्षणी 4.4 अंशांवरची कोर टिपली, समोर भोक पाडलेला पडदा लावून, आणि आकाश कोरेपेक्षा सुमारे 400 पट उजळ असताना. आपण बीजेपासून सुरुवात करावी, तेव्हा साधारण 12 ते 24 अंश मिळतात, हात बसला की खाली यायचं.

स्टॅकिंगला (अनेक फ्रेम एकावर एक रचून एक फोटो करायला) ऑटोस्टॅकर्ट सॉफ्टवेअरमध्ये फ्लॅट न लावलेला व्हिडिओ टाकलात तर तो धुळीच्या डागांवरच अलाइन करतो आणि कोर पुसून टाकतो. ट्रॅकिंग चंद्राच्या गतीवर ठेवा. शार्पनिंग वाढवलं की नॉइजमध्येही कोर दिसायला लागते, म्हणून मी व्हिडिओचे दोन भाग करून वेगवेगळे स्टॅक करतो, दोन्हींत जे तुकडे त्याच जागी आले तेवढीच कोर धरतो, बाकी सोडून देतो.