आधी बाटली बघा: डेस्मोसोमच्या आजारांत या चुका टाळा

त्वचेच्या स्लाइडी बघता बघता माझे केस पांढरे झाले. दरवर्षी रेसिडेंट नवे येतात, चुका मात्र त्याच.

डेस्मोसोम म्हणजे पेशीला शेजारच्या पेशीशी बांधणारा सांधा. त्याच्या आजारांतल्या चुकांत पहिला मान फॉर्मॅलिनच्या (तुकडे टिकवायच्या नेहमीच्या द्रवाच्या) बाटलीचा. पेम्फिगस या फोडांच्या आजारात शरीर स्वतःच्याच डेस्मोग्लेइनवर उलटतं. हे डेस्मोसोममधलं प्रथिन. पेशीबाहेर डोकावून शेजारणीच्या प्रथिनांना धरून ठेवणारं. त्याच्यावर बसलेल्या अँटिबॉडी इम्युनोफ्लुओरेसन्समध्ये (चमकणाऱ्या रंगाने अँटिबॉडी दाखवणाऱ्या तपासणीत) हिरव्या जाळीसारख्या दिसतात, प्रत्येक पेशीभोवती एक घर. त्यासाठी त्वचेचा तुकडा ताजा हवा, नाहीतर मिशेल्स मीडियममध्ये, म्हणजे ही प्रथिनं न बिघडवता तुकडा टिकवणाऱ्या द्रवात हवा. फॉर्मॅलिनमध्ये प्रथिनं एकमेकांत जखडली जातात आणि जाळी दिसेनाशी होते.

एका बाईंच्या तोंडात महिनाभर न भरणारे व्रण होते, पाठीवर सैल फोड. साध्या स्लाइडवर चित्र स्वच्छ होतं, इम्युनोफ्लुओरेसन्स मात्र कोरं. आजार जोरात असताना ही तपासणी क्वचितच निगेटिव्ह येते. वॉर्डातून फोन आला, "मॅडम, निगेटिव्ह आहे. मग स्टेरॉइड बंद करू?" म्हटलं, काही बंद करू नकोस, आधी ती बाटली घेऊन ये. लेबल मिशेल्सचं होतं. झाकण उघडलं आणि डोळे चुरचुरले. मीडियम संपलं म्हणून कुणीतरी त्याच बाटलीत फॉर्मॅलिन ओतलं होतं. का, तर "दोन्ही पाण्यासारखीच दिसतात." पुन्हा तुकडा घेतला आणि जाळी लख्ख दिसली. पण दोन मिनिटं वाचवली दुसऱ्याने आणि टाके दोनदा पडले बाईंना.

तेव्हापासून मिशेल्सच्या बाटल्या मी स्वतः भरते आणि झाकणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देते. हसतात पोरं, हसू देत. मीडियम नसेल तर साधं सलाईन चालतं, पण मग तुकडा त्याच दिवशी लॅबमध्ये पोचला पाहिजे. "उद्या पाठवतो" चालणार नाही. आणि हा तुकडा फोडाच्या मधोमध घेऊ नका. फोडालगतची, वरून धडधाकट दिसणारी त्वचा घ्या, कडेपासून सेंटिमीटरभराच्या आत. साध्या स्लाइडसाठी ताज्या, छोट्या फोडाची कड वेगळी घ्या. एकाच तुकड्यात दोन्ही कामं उरकणाऱ्यांची दोन्ही बिघडलेली मी पाहिली आहेत.

दुसरी माझी आवडती चूक: हेमिडेस्मोसोम म्हणजे अर्धा डेस्मोसोम. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो अर्ध्यासारखा दिसतो, म्हणून ते नाव पडलं. आतला माल वेगळा. डेस्मोसोम पेशीला पेशी बांधतो: डेस्मोग्लेइन आणि डेस्मोकोलिन बाहेर, प्लाकोग्लोबिन, प्लाकोफिलिन आणि डेस्मोप्लाकिन आत, त्यांना अडकवलेले केराटिनचे धागे. हेमिडेस्मोसोम पेशीला खालच्या बेसमेंट मेम्ब्रेनशी (एपिडर्मिसखालच्या पातळ पडद्याशी) बांधतो, इंटिग्रिन आणि बीपी १८० या प्रथिनांच्या जोरावर. पेम्फिगॉइड या फोडांच्या दुसऱ्या आजारात हा दुसरा सांधा सुटतो, म्हणून अख्खी एपिडर्मिस (त्वचेचा वरचा थर) उचलली जाते आणि फोड टणक राहतो.

त्या बाईंच्या स्लाइडवर बेसल (सगळ्यात खालच्या) पेशी थडग्यांच्या ओळीसारख्या उभ्या होत्या. वरच्या पेशी निसटलेल्या, आजूबाजूच्यांशी फारकत, पण पाय जमिनीला घट्ट. म्हणजे डेस्मोसोम गेले, हेमिडेस्मोसोम शाबूत. ही ओळ नीट समजली तर निम्मं पाठांतर वाचतं. माझी सवय अशी: स्लाइडवर फट जिथे आहे तिथे पेनाने ठिपका द्यायचा आणि "कितव्या मजल्यावर?" हे आधी मोठ्याने म्हणायचं. आजाराचं नाव नंतर. नव्यांना आधी नाव हवं असतं.

फट अगदी वरच्या थरात असेल तर घाई आणखी नडते. पेम्फिगस फोलिएशियस या वरवरच्या प्रकारात हल्ला डेस्मोग्लेइन १ वर असतो. तोंडात डेस्मोग्लेइन ३ भरपूर असल्याने तोंड वाचतं. पण स्टॅफिलोकॉकस जिवाणूचं एक्सफोलिएटिव्ह टॉक्सिन तेच डेस्मोग्लेइन १ कापतं, त्यामुळे बुलस इम्पेटिगो या त्याच्या संसर्गातली फटही त्याच मजल्यावर. नुसत्या स्लाइडवर पैज लावू नका.

एपिडर्मिसच्या स्पायनस (काटेरी) थरातले काटे म्हणजे पेशींना फुटलेले काटे नव्हेत. स्लाइड बनवण्याच्या प्रक्रियेत पेशी आकसतात आणि डेस्मोसोम सोडत नाहीत, म्हणून ते ताणलेले पूल दिसतात. त्यांवरच्या गाठी इटलीच्या बिझोझेरो यांनी एकोणिसाव्या शतकातच टिपल्या होत्या.

डेस्मोसोमला ॲक्टिनचे धागे जोडू नका. ते ॲडहेरेन्स जंक्शन या वेगळ्या सांध्याचे. इथे त्वचेत केराटिन, हृदयात डेस्मिन.

प्रयोगशाळेत केराटिनोसाइट (एपिडर्मिसच्या पेशी) वाढवणाऱ्यांना एकच सांगणं: डेस्मोसोम जुळायला कॅल्शियम लागतं. कमी कॅल्शियमचं मीडियम आणून त्यात साधं सीरम ओतलंत, की कॅल्शियम मागच्या दाराने आत आलं. डेस्मोसोम जुळू लागतात आणि तुम्ही "आपोआप झालं" असं वहीत लिहिता. उलट, जुन्या दाट थरातले मुरलेले डेस्मोसोम कॅल्शियम काढून घेतलं तरी सुटत नाहीत. तेव्हा ईजीटीएला (कॅल्शियम पकडून ठेवणाऱ्या रसायनाला) शिव्या देऊ नका.

आणि डेस्मोसोम फक्त त्वचेत नसतात. तळवे जाड, केस जन्मापासून लोकरीसारखे कुरळे, अशा मुलाला मलम लिहून मोकळे होणारे डॉक्टर मी पाहिलेत. हे नॅक्सॉस या आनुवंशिक आजाराचं लक्षण असू शकतं. त्यात प्लाकोग्लोबिनचा जीन बिघडलेला असतो आणि तेच प्रथिन हृदयाच्या स्नायूंचे सांधेही धरून असतं. मलम द्या, पण त्या दिवशीच ईसीजी काढा आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का, ते विचारा.